उरलेले तेरा महिने

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला स्पोर्ट्स कारच्या इंजिन-बदलावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा हौसेने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. माझी ३४ वर्षे गिअरबॉक्सची ड्रॉइंग काढण्यात आणि तपासण्यात गेली, आधी बोर्डावर आणि नंतर कॉम्प्युटरवर. कागदावर काही चुकलेले दिसले की त्याभोवती गोल केल्याशिवाय माझ्याने पान उलटवत नाही. या लेखावर सात गोल झाले. सगळे इथे मांडत नाही. ज्यांचा चटका मी स्वतः खाल्ला आहे, तेवढेच लिहिते.

पहिला गोल फोटोखालच्या ओळीभोवती आहे. तिथे गाडीला 'मागे इंजिन असलेली' म्हटले आहे. इंजिन सीटच्या मागे आहे हे खरे, पण ते मागच्या आसाच्या पुढे आहे, म्हणजे दोन आसांच्या मध्ये. म्हणून ती मिड-इंजिन. पोर्शे ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते, ती रिअर-इंजिन. हा नुसता शब्दांचा कीस नाही. वजन आसाच्या कोणत्या बाजूला आहे यावर गाडी वळणात कशी वागेल ते ठरते, आणि काम करणाऱ्याचा हात आत जाईल की नाही तेही ठरते. मिड-इंजिन गाडीत इंजिनाची जागा एखाद्या मोठ्या ट्रंकेएवढी. पुढे केबिनची भिंत, मागे डिकीची भिंत, दोन्ही बाजूंना चॅसिस. झाकण उघडले की वरून इंजिनाचा थोडासा भाग दिसतो, बाकीचे काम गाडीखाली पाठीवर झोपून.

दुसरा गोल, इंजिन 'एका शनिवार-रविवारात' बदलून होते, या शब्दांभोवती. तो मी दोनदा गिरवला.

माझ्या भाच्याकडे टोयोटाची एमआर२ आहे. दुसऱ्या पिढीची, जिला जाणकार एसडब्ल्यू२० म्हणतात. हे मॉडेल १९८९ ते १९९९ या काळात बनत होते. त्याच्या गाडीत दोन लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो इंजिन होते, ३एस-जीटीई. एका कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वाजायला लागले, मग फार वाजायला लागले, आणि भाचा माझ्या दारात उभा. "मावशी, तू फक्त दोन ब्रॅकेटची ड्रॉइंग काढून दे, बाकी मी बघतो." दोन ब्रॅकेट! नवे इंजिन १९ व्या दिवशी चेनपुलीवरून उतरून जागेवर बसले. त्याने फोटो काढला, मित्रांना पाठवला, अभिनंदनाचा पाऊस पडला. गाडी स्वतःच्या ताकदीने दाराबाहेर पडली ती चौदाव्या महिन्यात. आपला लेख त्या १९ व्या दिवशी, म्हणजे इंजिन जागेवर बसते तिथेच, संपतो. त्यानंतरच्या तेरा महिन्यांबद्दल त्यात एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

पण त्याआधी त्या 'आत्म्या'चे बघू. परके इंजिन घातले की गाडीचा आत्मा जातो, असे लेखकाने कळवळून लिहिले आहे. मिड-इंजिन गाड्यांबद्दल असे म्हणणे जरा गमतीचे आहे, कारण यातल्या कितीतरी नावाजलेल्या गाड्या परक्या इंजिनावरच वाढल्या. लॅन्शिया स्ट्रॅटोसने १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षे जागतिक रॅलीचे अजिंक्यपद मिळवले, ते फेरारीच्या डिनोच्या २.४ लिटर व्ही६ वर. डी टोमासो पँटेरा इटलीची, तिच्या पोटात फोर्डचे ५.८ लिटरचे व्ही८ आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफचा. पोर्शे ९१४ च्या चार सिलिंडरवाल्या गाडीत फोक्सवॅगनचे इंजिन होते. लोटस एलिस १९९६ मध्ये रोव्हरचे १.८ लिटर इंजिन घेऊन आली आणि २००४ पासून तिला टोयोटाचे इंजिन मिळू लागले. यातल्या कुणाचा आत्मा गेल्याची तक्रार माझ्या वाचनात नाही.

स्वस्तातल्या मिड-इंजिन गाड्यांची तर युक्तीच ही. १९७२ ची फियाट एक्स१/९ बघा. फियाट १२८ ही पुढच्या चाकांनी ओढली जाणारी साधी घरगुती गाडी. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने उचलले आणि सीटच्या मागे ठेवले. टोयोटाने एमआर२ मध्ये तेच केले. म्हणजे कारखान्यातल्या लोकांनी एकदा इंजिनाची हलवाहलव आधीच करून ठेवली आहे. मात्र त्यांनी ती पुरती केली. पाणी, हवा, उष्णता, गिअरच्या केबल, सायलेन्सर, सगळ्याचा हिशेब लावून. आपण जुने इंजिन उचलून बाहेर काढतो तेव्हा हा हिशेबही बाहेर काढतो, आणि तो पहिल्यापासून मांडणे आपल्या गळ्यात येते. अश्वशक्तीच्या आकड्यांत रमलेल्या माणसाला हे दिसत नाही. भाच्यालाही दिसले नव्हते.

त्याला आधी होंडाचे इंजिन हवे होते. मग कुणीतरी व्ही८ चे भूत डोक्यात भरवले. मी विचारले, गिअरबॉक्स कोणता? इंजिन निवडताना लोक ताकद बघतात. मी गिअरबॉक्सवाली बाई, मी आधी बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाचे, बोल्ट बघते. टर्बो एमआर२ मध्ये ई१५३ नावाचा गिअरबॉक्स आहे, आणि तो टोयोटाने आपल्या व्ही६ गाड्यांनाही लावला होता. म्हणजे टोयोटाचे व्ही६ त्याला मधल्या कुठल्याही प्लेटशिवाय जोडता येते. तिथेच निवड झाली. २जीआर-एफई, ३४५६ सीसी, ६० अंशांचे व्ही६, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. लोटसने २००९ च्या इव्होरामध्ये सीटच्या मागे हेच इंजिन बसवले, त्यामुळे अशा जागेत ते नांदते हे कुणीतरी आधीच सिद्ध केले होते. जुन्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, शिवाय टर्बो आणि इंटरकूलरचे ओझे. म्हणून दोन सिलिंडर वाढूनही वजन फारसे वाढले नाही. चारही चाकांखाली काटे ठेवून आम्ही आधी आणि नंतर वजन घेतले. फरक एका भरलेल्या सुटकेसएवढा निघाला.

लेखात मात्र 'कोणताही गिअरबॉक्स चालतो, ॲडॉप्टर प्लेट लावली की झाले' असे वाक्य आहे. हा तिसरा गोल. न जुळणारे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी ॲडॉप्टर प्लेट म्हणजे नुसता भोके पाडलेला जाड पत्रा नव्हे. इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, म्हणजे क्रँकशाफ्टचा, मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आले पाहिजेत. क्रँकच्या टोकाच्या जड चाकाला (फ्लायव्हीलला) डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारे काट्याचे माप, लावून, क्रँक हाताने फिरवत, बेलहाउसिंगच्या भोकाच्या कडेवर काटा किती हलतो ते पाहायचे असते. मिलिमीटरचा दहावा-आठवा भाग इकडेतिकडे झाला की मर्यादा संपली. त्यापलीकडे गेलात तर गाडी चालेल, महिना-दोन महिने छान चालेल, आणि मग क्लच अडखळू लागेल आणि इनपुट शाफ्टचे बेअरिंग ओरडू लागेल. आमच्या जोडीला प्लेट लागणार नव्हती, तरी मी डायल गेज लावलाच. भाचा म्हणाला, "मावशी, अगं कारखान्यात बनलेय ते." मी म्हटले, कारखान्यातच होते मी.

दिशेचाही विचार करावा लागतो. आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला एक कोरा कागद द्यायचे. इंजिनापासून चाकापर्यंत प्रत्येक शाफ्ट काढ आणि त्याच्यावर फिरण्याचा बाण दाखव. यासाठी फोक्सवॅगन बीटलसारखे उदाहरण नाही. बीटलचे इंजिन आसाच्या मागे. तीच जोडी उलट तोंड करून ठेवली, म्हणजे इंजिन आसाच्या पुढे येऊन गाडी मिड-इंजिन झाली, की चाके उलटी फिरू लागतात. चार रिव्हर्स गिअर आणि पुढे जायला एक! त्यावर उपाय म्हणजे गिअरबॉक्स उघडून डिफरन्शियलचे, म्हणजे दोन चाकांना जोर वाटणाऱ्या भागाचे, मोठे दातेरी चाक (क्राउन व्हील) त्याला फिरवणाऱ्या लहान चाकाच्या (पिनियनच्या) दुसऱ्या बाजूला नेणे. होंडाच्या जुन्या बी मालिकेची इंजिने इतरांच्या उलट दिशेने फिरतात, के मालिकेची सरळ. जे इंजिन त्याच्याच गिअरबॉक्ससकट आणतात त्यांना फरक पडत नाही. जे दुसऱ्या गिअरबॉक्सला जोडायला जातात त्यांना पहिल्या गिअरमध्ये मागची भिंत भेटते. आमचे युनिट आडवे, न वळवता पुढून मागे सरकवलेले, त्यामुळे बाण बरोबर होते. तरी काढून पाहिले. दोन मिनिटे लागली.

आता ब्रॅकेट. इथे मी चुकले, आणि ते लिहिले नाही तर या पत्राला अर्थ नाही.

माझा नियम असा होता की गिअरबॉक्स जागचा हलवायचा नाही, इंजिनाने त्याच्याशी जुळवून घ्यायचे. गिअरबॉक्स हलला नाही तर चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे कोन मूळचेच राहतात, आणि त्यांच्या टोकाचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरणारा सांधा, फक्त कोनाला घाबरतो. उजवीकडचा शाफ्ट लांब पडतो म्हणून त्याला मध्येच एका बेअरिंगचा आधार असतो, आणि तो आधार इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेला असतो. ब्लॉक बदलला की हा आधार गेला. तो व्ही६ गाडीचा मिळवला. मग इंजिन धरणाऱ्या उजवीकडच्या ब्रॅकेटचे ड्रॉइंग काढले, पुठ्ठ्याचा साचा करून बसवून पाहिला, पत्र्यातून कापला, भाच्याने वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारले, पुन्हा तपासले, पक्के वेल्डिंग झाले. इंजिन आणि केबिनची भिंत यांच्यात सगळ्यात अरुंद ठिकाणी, पुढच्या बँकेच्या, म्हणजे पुढच्या तीन सिलिंडरांच्या रांगेच्या, एक्झॉस्टवरच्या हीट शील्डपाशी, मी ८ मिलिमीटर ठेवले होते. गाडी जोर घेते तेव्हा आडवे इंजिन मागे, डिकीकडे कलते. तिकडे भरपूर जागा होती. मी समाधानी होते.

पहिल्या दिवशी गाडी बाहेर काढायला भाच्याने रिव्हर्स टाकला आणि मागून आवाज आला, ठक्.

रिव्हर्समध्ये चाकांवरचा जोर उलटा, म्हणजे इंजिनाचे कलणेही उलटे. ते पुढे, केबिनकडे कलले आणि ८ मिलिमीटर संपले. जन्मभर बाण काढायला शिकवले आणि स्वतःच्या ब्रॅकेटवर रिव्हर्सचा बाण काढायला विसरले. भाच्याने तोंडातून शब्द काढला नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक कोरा कागद ठेवलेला होता. पोराला विनोदबुद्धी आहे.

कडक रबर घातले असते तर ठकठक थांबली असती, पण इंजिनाची थरथर सगळी सीटमध्ये आली असती. त्याऐवजी वरच्या बाजूला एक टॉर्क रॉड घातला, दोन टोकांना रबरी बुश असलेला आडवा दांडा, म्हणजे इंजिन बसल्या जागी श्वास घेते पण डोलत नाही. या दुरुस्तीत पाच आठवडे गेले.

पण घोडे खरे पेंड खाते ते पाण्यापाशी. आपल्या लेखात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, हा शब्द एकदाही नाही. मी शोधला.

रेडिएटर गाडीच्या नाकात, इंजिन सीटच्या मागे. मधले अंतर लांब नळ्यांनी जोडलेले, एक गरम पाणी पुढे नेणारी, एक थंड पाणी मागे आणणारी, दोन्ही गाडीच्या पोटाखालून. शिवाय केबिनच्या हीटरच्या दोन वेगळ्या. पुढे इंजिन असलेल्या गाडीत पाणी भरायचे तोंड बहुधा सगळ्यात वर असते आणि हवा आपली आपण निघून जाते. इथे तसे नाही. तोंड मागे इंजिनापाशी, रेडिएटर पुढे, हीटर मध्ये. हवेचे बुडबुडे रेडिएटरच्या माथ्यावर आणि हीटरमध्ये जाऊन बसतात. पंप बिचारा पाणी ढकलतो, पुढे हवेचा बुच. पाणी जागच्या जागी उकळते. आणि सगळ्यात घातक म्हणजे तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत राहिला तर तो कमीच दाखवतो. इंजिन शिजत असते आणि काटा म्हणतो, सगळे ठीक.

आमच्या पहिल्या चाचणीत वीस मिनिटांत काटा चढला. भाचा पंखा लागत नाही म्हणून फ्यूज बघायला लागला. मी केबिनमध्ये बसून हीटर पूर्ण गरमवर टाकला. जाळीतून थंडगार वारा. इंजिन तापलेले आणि हीटर थंड, म्हणजे हीटरमध्ये पाणीच नाही. या गाडीला कारखान्याने रेडिएटरवर आणि हीटरवर हवा काढायचे छोटे व्हॉल्व्ह दिले आहेत. ते काही शोभेसाठी नाहीत. त्यांना पारदर्शक नळ्या लावायच्या, त्या भरायच्या तोंडापेक्षा उंच टांगायच्या, आणि नळीत बुडबुडा दिसायचा बंद होईपर्यंत हळूहळू पाणी घालत राहायचे. घाईत ओतले की परत बुडबुडे. आम्ही एक अख्खी संध्याकाळ ओतत होतो. दहा लिटरच्या वर कूलंट पोटात गेले.

नळ्यांची अदलाबदल ही दुसरी गंमत. या व्ही६ चा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून पाण्याची वाट उघडणारी झडप, पाणी आत येण्याच्या बाजूला आहे. पुढून येणाऱ्या दोन नळ्या दिसायला जुळ्या. उलट्या जोडल्या तर गळती नाही, आवाज नाही, काही नाही. फक्त पाणी नको त्या वाटेने जाते आणि थर्मोस्टॅट भांबावतो. गाडी अजून जॅकवर होती तेव्हाच मी दोन्ही टोकांना लाल आणि निळी टेप गुंडाळली. भाच्याला ते पोरकट वाटले. टेप अजून आहे.

उष्णतेचेही तेच. पुढे इंजिन असलेल्या गाडीत वारा थेट इंजिनावर येतो. इथे इंजिन बंद खोलीत, आणि गाडी थांबली की त्या खोलीतली गरम हवा जायला वाट शोधते. गाडी बंद केल्यानंतरची पहिली दहा मिनिटे सगळ्यात वाईट. पाणी फिरत नाही, पण एक्झॉस्ट अजून धगधगतेय. रबर, वायर, पेट्रोलच्या नळ्या यांचा जीव तेव्हा जातो. या बाबतीत माझा भित्रेपणा मी लपवत नाही. १९८४ च्या पॉन्टिॲक फिएरोत, तीही मिड-इंजिनच, कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आलेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडायचे आणि आगी लागायच्या. कंपनीला गाड्या परत बोलावाव्या लागल्या. म्हणून आमच्या इंजिनावरची तेलाची प्रत्येक नळी मी हाताने चाचपली. सुरुवातीच्या २जीआर इंजिनांत व्हॉल्व्ह टायमिंगला तेल नेणाऱ्या पाइपचा मधला तुकडा रबरी असायचा आणि तो फुटू शकतो, पुढे तो पूर्ण धातूचा झाला. इंजिन जमिनीवर असताना हा पाइप बदलणे किरकोळ काम आहे. इंजिन बसल्यावर तेच काम करायला हाताला दोन कोपरे जास्त लागतात. आम्ही जमिनीवर बदलला. या एका गोष्टीत आम्ही शहाणे ठरलो.

वायरिंगचे मला कमी कळते, म्हणून थोडक्यात. नवे इंजिन ज्या गाडीतून आले ती ऑटोमॅटिक होती. तिचा कॉम्प्युटर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची वाट बघत बसला, किल्लीतली चिप मागत बसला, आणि दोन्ही न मिळाल्याने रुसला. शेवटी स्वतंत्र प्रोग्रॅम करता येणारा इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) घ्यावा लागला. जुन्या गाडीचे ॲक्सिलरेटर केबलचे, नव्या इंजिनाचे थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक, म्हणून पेडलही बदलले. जुन्या इंजिनाला पेट्रोल परत टाकीत नेणारी नळी होती, नव्याला नाही. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन सेन्सर मात्र आम्ही ठेवले. ते काढून फेकण्याचा आपल्या लेखातला सल्ला पुढच्या वेळी छापू नका, एवढी विनंती. धूर दुसऱ्यांनाही लागतो.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्यांदा इंजिन नीट चालले तेव्हा भाचा आरपीएमच्या काट्याकडे बघून खूश. "मावशी, १०५० वर स्थिर आहे बघ." मला कानाला ते १०५० वाटेना. चार सिलिंडरच्या इंजिनाला क्रँकच्या एका फेरीत दोन ठिणग्या, सहा सिलिंडरच्याला तीन. जुना मीटर ठिणग्या मोजतो आणि त्या चार सिलिंडरच्या आहेत असे समजून फेऱ्या सांगतो. म्हणजे तो दीडपट दाखवणार. खरा आकडा ७००. भाचा दिवसभर लाल पट्ट्याला घाबरून अर्ध्या ताकदीत गाडी चालवून दाखवत होता.

राहिला 'ताकद दुप्पट'चा गोल. अमेरिकेत विकल्या गेलेल्या टर्बो एमआर२ ची ताकद २०० अश्वशक्ती. कॅम्रीमधल्या या व्ही६ ची २६८. हे दुप्पट कोणत्या गणिताने? वाढली ती एक-तृतीयांश. तिचा स्वभाव मात्र बदलला. टर्बोची वाट बघणे नाही, पाय ठेवला की ओढ. आणि पाय काढला की? हे कुणी सांगत नाही. साडेतीन लिटरचे इंजिन दोन लिटरपेक्षा जास्त जोराने गाडीला मागे धरते. मिड-इंजिन गाडी वळणात असताना एकदम पाय काढला की वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाहेर येऊ बघते. एसडब्ल्यू२० ची पहिली काही वर्षे याच सवयीसाठी बदनाम होती आणि टोयोटाला नंतर मागचे सस्पेन्शन आणि टायर बदलावे लागले. आम्ही इंजिन वाढवून तीच सवय परत आणली असती. म्हणून गाडी बाहेर काढण्याआधी नवे टायर, मागच्या सस्पेन्शनचे सगळे बुश, चाकांचे अलाइनमेंट आणि ब्रेक. वेग १०० वरून १४० झाला तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. लेखकाला दुप्पट हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे शोभेल.

भाच्याचे म्हणाल तर तो आता या गाडीतून रोज हिंडतो. काटा स्थिर असतो. इंजिन बदलल्याची नोंद गाडीच्या कागदपत्रांत आणि विम्यात झाली आहे, तीही त्या तेरा महिन्यांतच. या महिन्यात प्लग बदलायचे आहेत. सहापैकी तीन झाकण उघडले की हाताशी, उरलेले तीन इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याच्या, खाली. त्याच्यासाठी मॅनिफोल्ड सोडवायचा, गॅस्केट नवी, आणि डिकीच्या भिंतीपाशी एक बोल्ट असा आहे की त्याला लागणारा पाना आम्ही वाकवून घेतला आहे. तो पाना माझ्या पेन्सिलींच्या डब्यात असतो, कारण भाचा हरवतो.

आपण खुलासा छापणार असाल तर जागा कमी लागावी म्हणून क्रम सांगते. आधी फोटोखालची ओळ दुरुस्त करा, मग उत्प्रेरकाचा सल्ला मागे घ्या. शनिवार-रविवारचे वाचक बघून घेतील.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्सवुमन